मालकांना तीन पुरत नाहीत

या, अशा जवळ येऊन बसा. आणि बसता बसता आधी माझी बोलणी खाऊन घ्या. आमची नाटक मंडळी नऊ वर्षं या देशात प्रयोग करते आहे. तुम्ही येता, नाही म्हणत नाही मी. पण मागच्या दाराजवळची खुर्ची धरता, मध्यंतरात माझे बटाटेवडे खाता आणि नंतर 'पार्किंग संपलं हो, शालिनीकाकू' म्हणून निघून जाता. म्हणून तुम्हाला आमच्या मंडळीचे मालक अर्धेच ठाऊक. अर्धे मालक म्हणजे नुसता आवाज. उरलेले मी सांगते.

आमच्या शारजातल्या, अल नहदा भागातल्या बिल्डिंगमध्ये पाणी जाणार असलं की वॉचमन गप्प बसतो आणि मालक जाहिरात काढतात. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मागच्या महिन्यातली तुम्हाला वाचून दाखवते. "रसिकहो, आज दुपारी दोन ते पाच पाण्याचा प्रयोग होणार नाही. चाहत्यांनी बादल्या आगाऊ भरून ठेवाव्यात. सायंकाळी पाच वाजता पाणी नव्या जोमाने आपल्या सेवेस हजर होईल. रडणाऱ्या मुलांस घेऊन येण्यास हरकत नाही." खाली सही, 'मालक आणि व्यवस्थापक.' ग्रुपवर निम्मे केरळचे, चार गुजराती, दोन घरं लाहोरची. मराठी कोणाला कळत नाही, पण मालकांचा लांबलचक मेसेज आला की सगळी बिल्डिंग बादल्या भरते. माझी नात म्हणते, "आजी, ही इज सो ड्रामॅटिक." म्हटलं, बाळे, तो त्यांचा धंदाच आहे.

धंदा म्हणजे पोटाचा नव्हे बरं का. पोटासाठी त्यांचं शारजा औद्योगिक क्षेत्रात पाट्या बनवायचं वर्कशॉप आहे. कॅफेटेरियाच्या, सलूनच्या, टायरवाल्यांच्या पाट्या. पण त्यांना विचाराल तर ते सांगणार, "गजानन मिठबावकर, शारजा प्रासादिक नाटक मंडळीचे मालक, व्यवस्थापक आणि प्रमुख नट." पाट्यांचं नावही काढणार नाहीत. वय चौऱ्याहत्तर. मिशी काळी, केस पांढरे. दोन्ही रंगवायला वेळ पुरत नाही म्हणतात.

मालकांची कारकीर्द त्यांच्या तोंडून ऐकायची तर दोन तास लागतात आणि मध्ये चहासाठी पडदा पडतो. मी आटोपशीर सांगते. सतराव्या वर्षी घरातून पळाले आणि कोकणातल्या जत्रांतून फिरणाऱ्या एका नाटक कंपनीत शिरले. आधी गॅसबत्त्या पुसल्या, मग पडदा ओढला, मग भालदार झाले, आणि एकदा राजाला कावीळ झाली तेव्हा राजा झाले. राजा बरा होऊन आला तरी हे सिंहासनावरून उठले नाहीत. तिशीच्या आत कंपनी त्यांच्याच नावावर झाली. दोन ट्रक, चौदा माणसं, एक पेटी.

पेटी वाजवणाऱ्या बुवांची मुलगी सुमन. तेराव्या वर्षापासून उजव्या विंगेत मांडीवर नाटकाचं बाड घेऊन बसायची आणि नट अडला की वाक्य सुचवायची. तिचा एक नियम होता. नट थांबला की पहिला श्वास त्याचा, दुसरा देवाचा, तिसरा घ्यायच्या आत तिचं वाक्य त्याच्या कानात. कुजबुजायची अशी की नटाला ऐकू जावं, पहिल्या रांगेला जाऊ नये. मालकांचं तिच्याशीच लग्न झालं. मालक सांगतात, "लग्नात भटजी मंगलाष्टक विसरला. हिने अंतरपाटाच्या पलीकडून सुचवलं." खरं की खोटं विचारलं की सुमनताई मान फिरवून हसायच्या.

पुढे घरोघरी टीव्ही आले, जत्रेत माणूस थांबेना, ट्रक विकले. मालक इकडे पाट्या रंगवायला आले, वर्षभराने सुमनताईंना आणलं. सामानात एक ट्रंक, ट्रंकेत 'संगीत प्रतापकेतू'चं बाड. हे नाटक सुमनताईंच्या वडिलांनीच लिहिलेलं. त्या दोघांची मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली आणि पुढच्याच आठवड्यात मालकांनी आमच्या मजल्यावर प्रत्येक दारावर टकटक केलं. मला म्हणाले, "शालिनीबाई, आपण कपडेपट सांभाळाल." विचारलं नाही, सांगितलं. मी तेव्हा मोदकांच्या ऑर्डरी घेत होते. तेव्हापासून मोदक आणि मुकुट एकाच कपाटात.

आमची मंडळी दौरा करते. अजमान पंधरा मिनिटांवर आहे, तरी तो दौरा. मालक व्हॅनमध्ये पुढे बसणार, युवराज मागे, सेनापती त्याच्या मागे. दुबईच्या हद्दीवर गाड्या तुंबल्या की ट्रॅफिक म्हणायचं नाही, 'वाटेत सैन्य आहे' म्हणायचं. आणि प्रयोगानंतर पंगत झाल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. अजमानला एकाने म्हटलं, "मालक, घर जवळच आहे, घरीच जेवतो." मालक म्हणाले, "घर घरी. कंपनीचा माणूस मुक्कामी जेवतो." मग आम्ही पार्कात सतरंजी घालून माझा वरणभात खाल्ला आणि पंधरा मिनिटांत घरी गेलो.

सेट मालक वर्कशॉपमध्येच बनवतात, जुन्या पाट्यांच्या प्लायवर. त्यावरून अल ऐनच्या प्रयोगाला काय झालं ते तुम्ही पाहिलं नसणार, तुम्ही वडे खाऊन निघाला होता. दुसऱ्या अंकात राजवाड्याची भिंत फिरवायची होती, ती गडबडीत जास्त फिरली. पडदा वर गेला तो महाराज प्रतापकेतू सिंहासनावर आणि डोक्यामागे लाल अक्षरांत 'चिकन शावरमा पाच दिरहम'. मागच्या रांगेत कोणी तरी लगेच हिशेबही केला, "म्हणजे एकशेवीस रुपये झाले." मालक वळून बघतात, भिंत वाचतात आणि भारदस्त आवाजात म्हणतात, "प्रधानजी, शत्रूने आपल्या भिंतींवरही लिहायला सुरुवात केली." टाळ्या अशा पडल्या की पुढच्या प्रयोगात ते वाक्य ठेवायचं का यावर आमची मीटिंग झाली. सुमनताईंनी ठेवू दिलं नाही. बाडात नाही ते बोलायचं नाही.

तर अशी मजा चालली होती. गेल्या दिवाळीनंतर सुमनताईंच्या मेंदूत गुठळी झाली. हातपाय महिन्याभरात सुधारले. बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झाली आहे, बोलतं करत राहा, कदाचित उघडेल. त्यासाठी एक बाई घरी यायला लागली. चांगली होती बिचारी. ती सफरचंदाचं चित्र दाखवून विचारायची, हे काय आहे. सुमनताई भिंतीकडे तोंड करून बसायच्या. जन्मभर दुसऱ्यांना शब्द दिलेली बाई, तिला सफरचंद विचारता? मी असते तर मीही भिंतीकडे बघितलं असतं. मालक दिवसभर सुमनताईंशी बोलत. त्या नुसत्या बघायच्या. माझ्या दारातून ऐकू यायचं, एकट्याचंच.

चार महिन्यांनी मालकांनी तालमी पुन्हा सुरू केल्या, बिल्डिंगच्या पार्टी हॉलमध्ये. सुमनताईंना खुर्चीत आणून बसवायचे, शेजारी मी. सुचवायचं काम आता माझ्याकडे होतं. दुसऱ्याच तालमीत मालक अडले. खरोखरच अडले. मी चष्मा पुसून बाडात ओळ शोधतेय, सापडेना, आणि शेजारच्या खुर्चीतून कुजबुज आली, "हा मुकुट डोक्याला नव्हे, मानेला जड होतो."

स्वच्छ. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी वळून बघितलं तर सुमनताई समोर बघताहेत, जशा काही बोलल्याच नाहीत. बाकीच्यांना वाटलं मीच सुचवलं. तालीम संपल्यावर मी मालकांना जिन्यात गाठून सांगितलं. ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "कोणाला सांगू नका, शालिनीबाई. चार माणसं कौतुकाला जमली की ती तोंड मिटेल. सफरचंदाचं झालं तसं." मी त्यांच्या घरी जाऊन ताईंना बोलतं करायचा प्रयत्न केला तर काही नाही. 'पाणी हवं का' विचारलं तर मान. पण तालमीत मालक अडले की दोन श्वास, आणि वाक्य हजर.

मग मालक फारच अडायला लागले. एका तालमीत आठदा. मला वाटलं, काळजीने डोकं चालत नाही, वयही झालं. मंडळीतही कुरकुर सुरू झाली. आमचा सेक्रेटरी नितीन, तोच नाटकातला सेनापती. एका शिपिंग ऑफिसात मॅनेजर आहे, परवानग्या काढणं, हॉल ठरवणं सगळं तोच करतो, मुलगा सोन्यासारखा. अबूधाबीचा प्रयोग तोंडावर आल्यावर त्याने माझ्याच घरी साबुदाण्याची खिचडी खात मीटिंग घेतली.

"काकू, मला मालकांबद्दल रिस्पेक्ट आहे. पण मोहम्मद बिन झायद सिटीतल्या शाळेची हॉल कमिटी पहिल्यांदा आपल्याला बोलावतेय. पाचशे खुर्च्या आहेत. राजा दर दहा मिनिटांनी हँग झाला तर कसं चालेल? मी म्हटलं कानात इअरपीस घाला, तर म्हणाले, राजाच्या कानात भिकबाळी असते."

शेवटी ठरलं ते असं. अबूधाबीला मालक तीनदा अडले तर माफ. चौथ्यांदा अडले की राजाची भूमिका नितीनकडे, मालकांनी नुसतं व्यवस्थापन बघायचं. मोजायचं कोणी? "काकू, तुम्हीच सुचवता, तुम्हीच मोजा." म्हणजे बघा, माझ्या घरची खिचडी, माझ्याच गळ्यात हे.

मालकांच्या कानावर घालायला हवं म्हणून मी दुसऱ्या दिवशी शेले दाखवायचं निमित्त करून वर्कशॉपला गेले. मशिनी जेवणाच्या सुट्टीत बंद होत्या. आतून आवाज येत होता. मालक एका सलूनच्या पाटीला पिवळा रंग देत एकटेच नाटक म्हणत होते. पहिला अंक सगळा, राजाचा, प्रधानाचा, राणीचासुद्धा. एकदाही अडले नाहीत. मी दारात उभी राहून ऐकलं, शेले हातात घामाने ओले झाले.

म्हटलं, "मालक, तुम्हाला तर सगळं येतं."

ब्रश थांबला. "न येऊन काय होतंय? पन्नास वर्षं म्हणतोय."

"मग तालमीत काय होतं?"

"घरी मी विचारतो, जेवलीस का, तर मान. बरं वाटतं का, तर मान. स्टेजवर मी अडलो की तिला राहवत नाही. नट अडलेला तिला बघवतच नाही, शालिनीबाई. तेवढा तरी आवाज ऐकतो." आणि पुन्हा रंग द्यायला लागले.

मी मीटिंगचं सांगितलं. तीनदा माफ, चौथ्यांदा राजेपद गेलं. म्हटलं, नितीनला खरं काय ते सांगू या, तो ऐकेल. तर म्हणाले नको. मग पाटीकडे बघत हिशेब केल्यासारखं म्हणाले, "तीन फार कमी होतात हो."

त्यांच्या आयुष्यात राजा होण्याएवढी मोठी गोष्ट कुठली नव्हती. कावीळ झालेल्या माणसाला त्यांनी सिंहासन परत दिलं नव्हतं, ते माहीत आहे ना तुम्हाला? निघताना मी दम दिला, "तीनच. जपून वापरा." ते म्हणाले, "पुरवून पुरवून वापरीन."

अबूधाबीला सेट नेतो तो आमचा गुलखान पठाण. पिकअप त्याची. मराठीचा शब्द येत नाही, पण नाटक तोंडपाठ. "काकी, तख्त उधर रखो, तीसरे में राजा उधर गिरता है." त्याने सगळं लावून दिलं आणि भिंतीची मागची बाजू स्वतः तपासली. दुपारी चारला पडदा उघडला. हॉल भरलेला. मी आणि सुमनताई उजव्या विंगेत, दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

पहिल्या अंकात मालक एकदा अडले. दोन श्वास, सुमनताईंचं वाक्य, गाडी पुढे. दुसऱ्या अंकात एकदा. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एकदा, तेही अगदी छोट्या वाक्याला, 'कोण आहे रे तिकडे'. मला मनात हसू आलं, एवढं वाक्य कोणी विसरतं का. तीन झाली. आता शेवटचा प्रवेश, मी बाड मिटून मांडीवर ठेवलं. सुटलो.

शेवटच्या प्रवेशात सेनापती एका गुडघ्यावर बसून युद्ध जिंकल्याची वार्ता सांगतो आणि राजा म्हणतो, "सेनापती, वेशीचे दरवाजे उघडा." नितीन बसला, बोलला. आणि मालक थांबले.

एक श्वास. दोन. हा चौथा. सुमनताई म्हणाल्या, "सेनापती, वेशीचे दरवाजे उघडा." मालकांनी ऐकलं. मला त्यांचं तोंड दिसत होतं, ऐकलंच. पण घेतलं नाही. ताईंनी पुन्हा सुचवलं, जरा जोरात. तरी नाही. नितीनचा गुडघा लटपटायला लागला होता. चिलखत माझ्या हातचं, चार किलोचं.

तेव्हा सुमनताई खुर्चीत पुढे सरकल्या. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आणि म्हणाल्या, "अहो. म्हणा की."

मी बाडावर हात ठेवला होता. सांगायची गरज नाही, बाडात हे कुठेही नाही.

त्या अजून काही तरी शोधत होत्या. हात नितीनकडे केला आणि फार कष्टाने म्हणाल्या, "पोराचा... गुडघा."

नितीन विंगेच्या दोन हातांवर होता. त्याने आमच्याकडे बघितलं. मी बाड मिटून बसलेली, माझे ओठ बंद, आणि सुमनताईंचा हात अजून तसाच पुढे. सुचवतं कोण आणि मालक अडतात कशासाठी, ते त्याला तिथेच कळलं. मालकांचं तर विचारू नका. राजा सिंहासनाला धरून उभा, मिशी ओली, आणि आता मात्र त्यांना खरोखरच एक अक्षर आठवत नव्हतं. पन्नास वर्षांचं नाटक पुसून गेलं होतं.

मग सेनापती आपणहून उठला. मुजरा केला आणि म्हणाला, "महाराजांना वेशीचे दरवाजे उघडायला सांगायचं आहे, होय ना? उघडतो, महाराज. तुम्ही बसा." मालक बसले. पडदा पडला. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर कोणी तरी लिहिलं, राजाचं शेवटचं मौन म्हणजे अभिनयाचा धडा होता. कोणाला तरी त्यांचं वर्कशॉप हवं होतं. पाट्यांचं नव्हे, अभिनयाचं.

पंगत शाळेच्या मागच्या अंगणात बसली. गुलखान भिंत पिकअपमध्ये चढवत होता. "आज मालिक सच में रोया. ऐसा रोज करो, काकी." नितीन ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. भात कालवता कालवता त्याने विचारलं.

"काकू, किती झाले?"

"तीन."

"मीपण तीनच मोजले," म्हणाला आणि मठ्ठा घ्यायला उठला.

मी नंतर मालकांना चांगलं खडसावलं. चौथ्यांदा कशाला, ठरलं होतं ना आपलं. तर म्हणाले, "पहिल्यांदा सुचवलं ते ऐकलं. मग वाटलं, आणखी एकदा ऐकावं." एवढंच. वर माझ्याकडेच भात मागितला.

राजेपद त्यांनी त्याच आठवड्यात सोडलं, कोणी मागितलं नसताना. मुकुट माझ्याकडे आणून दिला, नितीनच्या डोक्याच्या मापाने आत कापड लावा म्हणाले. आता ते द्वारपाल आहेत. दोन वाक्यं आणि उरलेला वेळ उजव्या विंगेत. जाहिरातीत मात्र अजून पहिलं नाव त्यांचंच असतं, 'द्वारपालाच्या भूमिकेत सुप्रसिद्ध' वगैरे. नितीन काही बोलत नाही. मालकांनी वेशीचा दरवाजा राजाच्या सिंहासनाच्या दुप्पट मोठा बनवलाय, त्यावरही बोलत नाही.

आणि सुमनताई बोलतात. थोडं. एखाद्या दिवशी पाच शब्द, एखाद्या दिवशी काहीच नाही. पाणी, पुरे, नितीन. परवा माझ्याकडे बघून 'जाड' म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी रागवायचं विसरले.

म्हणून म्हणते, तुम्ही या. प्रयोगाची वाट बघू नका, आमच्या मजल्यावरच या, आठवा मजला, माझं दार डावीकडे आणि त्यांचं समोर. सुमनताई तुम्हाला तुमचं गाव विचारतील. विचारता विचारता अडतील. शब्द तुमच्या जिभेवर येईल, पण तो तसाच गिळा. आमच्याकडे आता कोणी सुचवायचं नाही, मालकांचा हुकूम आहे. ते स्वतः समोर बसून असतात, हात मांडीवर ठेवून, आणि त्या म्हणेपर्यंत हूं की चूं करत नाहीत. चहा निवेल तेवढ्यात. निवू दे, मी दुसरा टाकीन. पण लवकर या.